मी न केलेली तार

भावजी, तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस तुमच्या दहाव्याला आला होता. निघताना म्हणाला, "आजी, खासदारसाहेबांवर चार चांगले शब्द लिहून द्या. तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नव्हतं." मी म्हटलं, चांगले शब्द तुमच्या छापखान्यात असतील तेवढे तुम्हीच घाला. माझ्याजवळ जे आहे ते मी लिहीन. छापायचं तर छापा, नाही तर राहू द्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही माहेर शिरूरला आणि मिशनची शाळा घराला लागून, म्हणून झालं. बाराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही पाच वर्षांचे होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तुम्हाला आंघोळ घालायची, जेवू घालायचं, शाळेला पिटाळायचं, सगळं माझ्याकडं आलं. दीर म्हणून तोंडाने "अहो भावजी" म्हणायचं आणि हाताने तुमचं नाक पुसायचं. एकदा तुम्ही पाटी फोडून आलात तेव्हा मी कान धरून विचारलं, "कुठं फोडलीत हो पाटी?" शेजारची म्हातारी किती तरी वर्षं मला तेच म्हणून चिडवायची. कान धरायचा आणि वर अहोजाहो करायचं. आपलं सगळं आयुष्य तसंच गेलं म्हणा.

तुमचं मोठेपण मी इथे सांगत बसणार नाही. तुरुंगात गेलात, तुम्ही आत असतानाच तुमची बायको, माझी धाकटी जाऊ, तापाने गेली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाहीत, बावन्न साली निवडून दिल्लीला गेलात, सत्तावन्न साली पडलात. हे सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत आहे ते मधलं एक. ते दहा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही.

दिल्लीला तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं होतं, आता आपला माणूस तिथे जाऊन बोलणार. गावाला काय पाहिजे ते सांगणार. पहिल्या सुटीत आलात तेव्हा अंगणात बसून मी ज्वारी पाखडत होते. मी विचारलं, "बोललात का तिकडं?"

"एकदा उभा राहिलो, वैनी. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका थोरल्यानं चहाला बोलावलं. लई गोड बोलला. म्हणाला, पुढच्या खेपेला बोलायच्या आधी जरा विचारत जा."

"मग?"

"मग काय. विचारत जातो."

तेव्हा तुम्ही मला व्हिप म्हणजे काय ते समजावून दिलंत. पक्षाकडून चिठ्ठी येते. तिच्यातल्या शब्दांखाली रेघा मारलेल्या असतात. एक रेघ म्हणजे या. दोन रेघा म्हणजे यायलाच पाहिजे. तीन रेघा म्हणजे यायचं आणि सांगू तिकडेच मत द्यायचं. मी म्हटलं, "आन् तीन रेघांचं न्हाई ऐकलं तर?"

"तर पुढल्या निवडणुकीला तिकीट न्हाई."

"निवडून कोण देतं तुम्हाला? लोकच ना?"

"निवडून लोक देतात, वैनी. तिकीट पक्ष देतो."

"म्हंजी मालक दोन झालं की."

तुम्ही हसलात. म्हणालात, "दोनच असते तर बरं होतं." आणि मग कोण कोण ते सांगत राहिलात. ज्याच्या गाडीतून प्रचार केला तो. ज्याच्या जातीची गावं पाठीशी उभी राहिली तो. पुण्याचे पुढारी. दिल्लीतला मंत्री, ज्याच्या टेबलावर आपल्या भागाचे कागद पडलेले असतात. मी सूप खाली ठेवून ऐकत होते. आपल्या घरातल्या माणसाला एवढ्या दोऱ्या बांधलेल्या आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. त्यातली एक माझ्याही हातात येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग छप्पन साल आलं. मराठी राज्याचा प्रश्न पेटला होता. मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे, हे शेतातला गडीसुद्धा बोलत होता. उन्हाळ्यात तुम्ही गावी आलात तेव्हा खंडोबाच्या देवळासमोर माणूस मावत नव्हता. तुम्ही भाषण केलंत. भाषण बरं झालं, पण दिल्लीला जाऊन माणसं बदलतात हे लोकांनी तोवर ऐकलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "भाषणं लई झाली. बेलभंडारा उचला!"

तुम्ही थबकलात. मी बायकांच्यात बसले होते, पण मला तुमचा चेहरा दिसत होता. लहानपणी खोटं बोलायच्या आधी तुम्ही डावा अंगठा मुठीत धरायचात. तसा धरला होतात. आणि मी सगळ्यांच्या देखत बोलले, "उचला की हो भावजी. खरं बोलायचं तर भ्याव कशाचं?"

माणसं खूश झाली. गुरवाने ताट पुढे केलं. तुम्ही बेलाचं पान आणि हळद ओंजळीत घेतलीत आणि खंडोबासमोर म्हणालात, मुंबई नसलेल्या किंवा दुसऱ्याबरोबर बांधलेल्या राज्याच्या बाजूने मी मत देणार नाही. दिलं तर हा देव मला बघून घेईल. सगळ्यांनी उधळण केली. आपण घरी आलो तेव्हा तुमचा सदरा पिवळा झाला होता. तुम्ही तो काढून दोरीवर टाकलात. मग म्हणालात, "वैनी, तुम्ही कशाला बोललात?"

मी म्हटलं, "तुमच्या मनात न्हवतं का?"

"मनात होतं. पण मनात ठेवता आलं असतं."

तेव्हा मला तुमचा राग आला. माणसाने मनातलं मनात ठेवायचं तर मग दिल्लीला जायचं कशाला, असं मी तुम्हाला ऐकवलं. आज मला तुमचं म्हणणं समजतं. चार लोकांच्या दबावाखाली उभ्या असलेल्या माणसाला मी पाचव्या बाजूने ढकललं होतं, आणि वर मला वाटत होतं मी त्याची पाठराखण केली.

श्रावण तोंडावर आला आणि दिल्लीत ठरलं की मराठी आणि गुजराती एकत्र, मुंबईसह, एकच मोठं राज्य. द्वैभाषिक. मराठी राज्य नाहीच. तीन रेघांची चिठ्ठी निघाली. हे मला नंतर कळलं. त्याआधी आमच्या अंगणात आप्पा आला.

आप्पा कोण हे इथल्या माणसांना सांगायला नको, पण साप्ताहिक बाहेरही जातं म्हणून लिहिते. आपल्याच गावचा, मोठा बागायतदार, तेव्हा साखर कारखाना काढायच्या खटपटीत होता आणि आज कारखान्याचा चेअरमन आहे. आप्पा पुण्याहून आला होता. पाणी प्यायला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "वैनी, कारखान्याच्या लायसनची फाइल मंत्र्याच्या टेबलावर गेली."

"मग चांगलं झालं."

"चांगलं झालं. पण त्या टेबलावर अजून चार फायली हाईत. चार भागांच्या. एकालाच मिळायचं. पुण्यात बोलत्यात की आपल्या खासदाराचं मन डळमळाय लागलंय. तुमचं ऐकत्यात ते."

"मी काय सांगू त्यांना? मला काय कळतं त्यातलं?"

"काई सांगू नका. काई करूबी नका. कुणी काई करा म्हणालं तरी करू नका. एवढंच."

जाताना तो दारातल्या दत्तूकडे बघून म्हणाला, "पोरगं गुऱ्हाळावर जातं का हो आता?"

दत्तू माझा मुलगा. आप्पाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तुम्हालाही कळलं असतं. तुमचे थोरले बंधू, म्हणजे आमचे हे, गुऱ्हाळावरच गेले. उसाचा रस आटून गूळ झाला की ती मोठी लोखंडी काहील चुलवाणावरून आठ-दहा माणसं दांड्यांनी उचलतात. त्या दिवशी एकाचा पाय घसरला. उकळता पाक यांच्या दोन्ही पायांवर आला. अकरा दिवस जगले. तुम्ही पुण्याहून कॉलेज सोडून आलात आणि अकरा दिवस केळीची पानं बदलत बसलात. मला तो वास आजही येतो, गुळाचा आणि भाजलेल्या मांसाचा. तेव्हापासून मी गूळ खात नाही, हे तुम्हाला माहीत होतं. माझ्या चहात तुम्ही गुपचूप साखर आणून टाकायचात.

आणि वीस वर्षांचा दत्तू दर हंगामात त्याच काहिलीपाशी उभा राहत होता. दुसरं काय करणार होता? कारखाना झाला की ऊस गाडीत भरून पाठवायचा. मिलमध्ये काय उकळायचं ते उकळेल. माझ्या डोक्यात एवढंच होतं. राज्य, मुंबई, द्वैभाषिक, काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॉलोमन मास्तर आला. शिरूरच्या मिशनच्या शाळेतला, तुमचा हायस्कुलातला सोबती, तुम्हाला नुसतं सोपान म्हणणारा. माझ्या माहेरचा म्हणून मला आक्का म्हणतो. सायकलवरून घामाघूम होऊन आला होता. सदऱ्याच्या आतून त्याने तुमचं पत्र काढलं. तुम्ही ते त्याच्या पत्त्यावर पाठवलं होतंत, कारण आपल्या घरी आलेलं तुमचं पत्र आधी चावडीवर वाचलं जायचं.

पत्रात चारच ओळी होत्या. वहिनीच्या नावाने तार करा. प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा. तार शिरूरहून करू नका, तिथला तारमास्तर ओळखीचा आहे, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. दौंडहून करा. मतदानाच्या आधी मला मिळायला हवी.

मास्तर म्हणाला, "आक्का, मला समजलं ते सांगतो. पक्षाच्या बाजूनं मत दिलं तर शपथ मोडती. विरुद्ध दिलं तर पक्ष काढून टाकतो. तिथं हजरच नसलं तर दोन्ही वाचतंय. पण नुसतं निघून आलं तर चालत न्हाई, कारण दाखवावं लागतं. तारेचा कागद हातात पायजे."

तुम्ही नंतर एकदा हसत सांगितलं होतंत की त्या आठवड्यात दिल्लीत बऱ्याच जणांच्या पोटात दुखत होतं आणि वरचा माणूस प्रत्येकाला स्वतः डॉक्टर पाठवतो म्हणत होता. तोंडी सांगितलेलं कुणी मानत नव्हतं. तेव्हा तुम्ही हसलात, मी भांडी घासत होते. मी वर बघितलं नाही.

मास्तर म्हणाला, "चला, सायकल इथंच ठेवतो. रस्त्यावर यष्टी मिळंल. तुम्ही आलात तर तारवाल्यालाबी शंका यायची न्हाई."

मी म्हटलं, "कशाची शंका? जी मरायला टेकली ती सोताच तार कराय आली, म्हणून?"

मास्तर हसला. "मग मी एकटा जातो. तुमचं नाव घालू ना?"

आणि तेव्हा मी म्हटलं, "न्हाई. मी धडधाकट हाय. माझ्या नावानं खोटी तार जायची न्हाई."

"आक्का, सोपानची इज्जत जाईल. गावात तोंड दाखवता येणार न्हाई त्याला."

"मास्तर, तुम्ही ख्रिस्ताची माणसं. रविवारी देवळात बसता. आन् सोमवारी खोटी तार कराय निघालात?"

मास्तर लाल झाला. तो तुमच्यासाठी खोटं बोलायला तयार होता, आणि त्याचा त्याला आधीच त्रास होत होता. मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. तो उठला. मग पत्र चुलीत घातलं, सायकल घेतली आणि जाताना म्हणाला, "तुमचं खरं हाय, आक्का. मीच चुकलो." त्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढे वर्गात पोरांना सांगायचा, एक अडाणी बाई अशी आहे की घरच्या माणसासाठीसुद्धा खोटं लिहिलं नाही. नाव सांगायचा नाही, पण पोरं ओळखायची. दोन-तीन पोरं तर मला बघायला आली होती.

भावजी, मला खोट्याचं काही वाटलं नव्हतं. दत्तूच्या पायासाठी मी दहा तारा केल्या असत्या. तार केली नाही ती आप्पाने काही करू नका म्हटलं म्हणून. टेबलावर फाइल होती म्हणून. दिल्लीत तुम्ही ज्यांना भीत होता त्यांचंच काम मी इथे चुलीपुढे बसून केलं, आणि वर सत्यवचनी ठरले.

तुम्ही तारेची वाट बघितली असणार. दोन दिवस, तीन दिवस. ते दिवस तुम्ही कसे काढलेत हे मी कधी विचारलं नाही. नागपंचमीच्या सुमाराला बातमी आली. आपल्या खासदाराने द्वैभाषिकाच्या बाजूने मत दिलं.

तुम्ही मनमाडला गाडी बदलून दौंडला उतरायचात. तोवर दर खेपेला स्टेशनवर हार असायचे, हलगी असायची. त्या दिवशीही गर्दी होती. काळे झेंडे होते. मी आणि दत्तू बैलगाडी घेऊन आलो होतो. तुम्ही डब्यातून उतरलात, हातात एकच पिशवी होती. एकाने पितळी ताट पुढे केलं. ताटात हिरव्या बांगड्या. "घ्या खासदार, आहेर हाय! भंडाऱ्याची किंमत!" सगळे हसले.

तुम्ही त्या ताटाकडे बघत उभे राहिलात. ना राग, ना काही. मी पुढे झाले आणि ताट हिसकावून घेतलं. म्हटलं, "द्या इकडं. ह्या मीच घालायच्या हाईत."

माझं कपाळ पांढरं होऊन अठरा वर्षं झाली होती. विधवेने बांगड्यांच्या ताटाला हात लावला म्हणून गर्दी मागे सरली. वाट झाली. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "वैनी, आज तुम्ही माझी लाज राखली." मी ताट मांडीवर धरून बसले होते. जे बोलले ते शब्दाला शब्द खरं होतं, पण तुम्हाला ते माझं धाडस वाटलं.

घरी पोचायच्या आधी तुम्ही एकदाच तो विषय काढलात. म्हणालात, "मास्तरनं लिहिलं मला. तुम्ही नको म्हणालात ते. बरोबर हाय तुमचं. मी तुम्हाला तसलं सांगायलाच नको होतं. चूक माझी." त्यानंतर तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. कुणी आलं-गेलं तर उलट कौतुक करायचात, "आमच्या वैनीसारखं सरळ माणूस बघितलं न्हाई." मी उठून आत जायची. लोकांना वाटायचं, किती संकोची बाई.

निवडणुकीत तुम्ही पडलात. पडणारच होतात. पण ते बरं म्हणायचं असं गाव वागलं. चावडीवर तुम्ही गेलात की माणसं उठायची. खंडोबाच्या देवळात गुरवाने तुमच्या कपाळाला भंडारा लावला नाही, ताट आत घेऊन गेला. तुम्ही रिकाम्या कपाळाने घरी आलात आणि दुसऱ्या दिवसापासून देवळात जायचं सोडलंत. मी तुमच्याशी भांडायची. "सांगा की लोकांना, सगळ्यांना सांगा, कुणी कुणी दाबलं ते. तुम्ही एकटे हाय का तिथं?" तुम्ही म्हणायचात, "दाबलं म्हणून काय झालं? हात माझाच होता ना." हे आपलं भांडण कधी संपलं नाही. खरं तर मला तुम्ही ओरडून सांगायला हवं होतं, म्हणजे ओघाओघात तारेचंही निघालं असतं आणि माझी सुटका झाली असती. तुम्ही ती होऊ दिली नाहीत. चांगल्या माणसाबरोबर राहणं फार दमवतं, भावजी.

दीड-दोन वर्षांत लायसन आलं. आप्पाने पेढे वाटले. पायाभरणीला तुम्हाला शेवटच्या रांगेत खुर्ची होती, ती तुम्ही एका म्हाताऱ्याला देऊन उभे राहिलात. कारखाना झाला हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. दत्तू शेतकी खात्यात लागला. त्याचे पाय धड आहेत. त्याची पोरं काहील म्हणजे काय ते विचारतात. हे मला हवं होतं आणि ते मिळालं. ते तुमच्याकडून घेतलं होतं, एवढंच.

आणि मराठी राज्य झालं त्या दिवशीचं सांगते. गावात मिरवणूक निघाली. आपल्या दारावरून गेली, थांबली नाही. तुम्ही सकाळीच अंगण झाडलं होतंत, आंब्याचे डहाळे आणून स्वतः तोरण बांधलं होतंत. मला म्हणालात, "वैनी, पुरण घाला आज."

मी म्हटलं, "कुणी बोलावलंय का तुम्हाला?"

"बोलावलं न्हाई म्हणून राज्य दुसऱ्याचं झालं का?"

चार पोळ्या खाल्ल्यात. हलगीचा आवाज लांब जाईपर्यंत दारात उभे राहिलात. तेव्हा मी तुमच्या पाठीकडे बघून सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तुम्ही वळून म्हणालात, "अजून एक वाढा," आणि राहून गेलं.

शेवटच्या आजारात शिरूरच्या दवाखान्यात आपण दोघंच होतो. दुपारची वेळ. तुम्हाला धाप लागत होती, एकेक शब्द तोडून बोलत होतात. म्हणालात, "वैनी, त्या आठवड्यात... आप्पा आला होता का हो... आपल्याकडं?"

मी म्हटलं, "औषध घ्या आधी."

तुम्ही औषध घेतलंत. परत विचारलं नाहीत. म्हणजे माहीत होतं? की नुसती शंका? दहा वर्षं माहीत होतं आणि तरी कौतुक करत होतात? हे मला आता कुणी सांगणार नाही. तुम्ही विचारलंत, तेव्हा "व्हय" एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो मी गिळला आणि तुम्हाला चमच्याने औषध पाजलं.

तेराव्याला अंगणात माणसं जमली. आप्पा आला, कारखान्याची माणसं आली, मास्तर आला. गुरवही आला होता, पण उंबऱ्याच्या बाहेर बसला. आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोपानरावांचा फोटो आपण कारखान्याच्या हापिसात लावणार. त्यांनी गावासाठी शपथ मोडली. मोठा त्याग हाय."

बाहेरून गुरव म्हणाला, "त्याग कसला? देवापुढं उचलून मोडला त्यो. मेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण खोट्याचा फोटो लावू नका."

कुणीच त्याला गप्प बसवलं नाही. मी चहाचे कप खाली ठेवले. म्हटलं, "गुरवबाबा, आत या. मला बोलायचं हाय." आणि मी सांगितलं. तार, पत्र, आप्पा, फाइल, दत्तूचे पाय. आवाज चढवला नाही. मास्तराकडे बघायचं टाळत होते, शेवटी बघितलं. तो म्हातारा झालाय आता. म्हणाला, "आक्का, मग मी इतकी वर्षं पोरांना काय शिकवलं?"

मी म्हटलं, "मला काढा आन् भावजींना घाला. बाकी धडा तसाच ठेवा."

आप्पा उठून माझ्याजवळ आला, हळू बोलला. "वैनी, हे आता कशाला काढलं? तुमाला ठावं न्हाई का, पुढल्या निवडणुकीला पक्ष मला उभं करतोय. दिल्लीला."

"मग जावा की."

"असलं छापून आलं तर लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आप्पा, तिथं तीन रेघांची चिठ्ठी आली की काय वाटंल ते करा. पण तुमच्या घरी येऊन कुणी बायकोला, आईला, वैनीला, काई करू नका म्हणालं, तर तेवढं मला येऊन सांगा. मी त्या बाईला भेटाय येईन."

तो चहा न पिता गेला. त्याच्यामागून कारखान्याची माणसं गेली. फोटोचं कुणी परत बोललं नाही. दत्तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मग काल विचारलं, "आई, तू मला विचारलं का न्हाईस तेव्हा?" मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू तार केली असतीस, म्हणून."

दिल्लीच्या कागदात ते मत तुमच्याच नावावर राहणार, ते मला बदलता येत नाही. पण गावात आता ते माझ्या नावावर झालं आहे. आज सकाळी देवळाच्या वाटेवर तिघीजणी समोरून आल्या. मला बघितलं, पदर तोंडाला लावला आणि बोळातून वळल्या. गुरवाने माझ्या कपाळाला भंडारा लावला नाही. ताट आत घेऊन गेला.

मी रिकाम्या कपाळाने घरी आले. बरं वाटलं, भावजी.